आदिवासी नेतृत्व : सभागृहात आणि विद्यापीठात

संविधान सभेत ध्येयविषयक ठरावावर चर्चा चालू असता, १९ डिसेंबर १९४६ रोजी छोटानागपूरचे जयपालसिंग मुंडा बोलावयास उभे राहिले. ते ऑक्सफर्डचे पदवीधर आणि १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय हॉकी संघाचे कर्णधार. लोकशाही ही आदिवासींना शिकविण्याची नव्हे, तर त्यांच्याकडून शिकण्याची गोष्ट आहे, असा त्यांच्या भाषणाचा आशय होता. गावाच्या बैठकीत विचारविनिमयाने निर्णय घेणारा समाज राज्यकारभारात बरोबरीचा भागीदार आहे, हीच त्यांची भूमिका होती.

संविधानाने विधिमंडळांत आणि शासकीय सेवांत राखीव जागांची तरतूद केली. तथापि, जागा भरणे आणि नेतृत्व उभे राहणे या दोन भिन्न गोष्टी होत. खुर्चीवर बसणाऱ्या व्यक्तीबरोबर तिच्या समाजाची भाषा, त्याचे ज्ञान आणि त्याचे प्रश्नही त्या दालनात आले, तरच नेतृत्व आले असे म्हणता येईल.

या दृष्टीने डॉ. रामदयाल मुंडा यांचे कार्य मननीय आहे. १९३९ मध्ये रांचीजवळील दिउडी या खेड्यात जन्मलेल्या या विद्वानाने शिकागो विद्यापीठात भाषाशास्त्राचे उच्च शिक्षण घेतले आणि मिनेसोटा विद्यापीठात अध्यापन केले. रांची विद्यापीठात आदिवासी व प्रादेशिक भाषांचा विभाग उभारावयाचा होता. त्या वेळचे कुलगुरू कुमार सुरेश सिंह यांच्या निमंत्रणावरून ते परदेशातील स्थैर्य सोडून परतले. मुंडारी, संताळी, हो, खडिया, कुडुख या आदिवासी भाषा आणि नागपुरीसारख्या प्रादेशिक भाषा पदव्युत्तर वर्गात शिकविल्या जाऊ लागल्या. ज्या भाषेबद्दल शाळेत संकोच वाटावा, तीच विद्यापीठात अभ्यासाचा विषय झाली. पुढे ते त्याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले. आखाड्यातील नृत्य आणि मांदर यांनाही त्यांनी विद्यापीठाच्या आवारात मानाचे स्थान दिले. २०१० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली व राज्यसभेवर त्यांची नियुक्ती झाली. २०११ मध्ये त्यांचे निधन झाले.

शासनातील उदाहरण श्रीमती द्रौपदी मुर्मू यांचे. ओडिशातील रायरंगपूर येथे शिक्षिका असलेल्या या संताळ महिला १९९७ मध्ये तेथील नगर पंचायतीवर निवडून आल्या. २०१५ मध्ये त्या झारखंडच्या राज्यपाल झाल्या. छोटानागपूर व संताळ परगणा येथील कूळकायदे आदिवासींच्या जमिनीचे संरक्षण करतात. त्यांत दुरुस्ती करणारी विधेयके त्यांनी २०१७ मध्ये संमतीविना परत पाठविली. जमिनीचा प्रश्न ज्यांच्या घरातला असतो, त्यांच्या हाती निर्णय असला म्हणजे काय घडते, हे त्यातून दिसले. २५ जुलै २०२२ रोजी त्यांनी राष्ट्रपतिपदाची शपथ घेतली. नगर पंचायतीतून सुरू झालेली ही वाटचाल आहे, हे पंचायत सदस्यांनी विशेष ध्यानात घ्यावे.

महाराष्ट्रातही पालघर, नाशिक, नंदुरबार, अमरावती, गडचिरोली आदी जिल्ह्यांत पाचव्या अनुसूचीचे क्षेत्र आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने अशा क्षेत्रांत ग्रामसभेला अधिकार दिले. राज्याचे नियम २०१४ मध्ये आले. अनुसूचित क्षेत्रातील सरपंचपदे आदिवासींसाठी राखीव आहेत. परंतु सरपंचाने केवळ सही करावयाची आणि निर्णय इतरत्र व्हावयाचा, असे घडल्यास कायद्याचा हेतू विफल होतो.

म्हणूनच नेतृत्वाची जडणघडण खालपासून व्हावयास हवी. वर्गात गोंडी, भिली किंवा कोरकू बोलणाऱ्या मुलाला शिक्षकाने त्याच्या भाषेसह स्वीकारावे. अधिकाऱ्याने ग्रामसभेत आदेश वाचून दाखविण्यापूर्वी सभेचे म्हणणे ऐकावे. सरपंचाने ठरावाचा मसुदा गावाला समजेल अशा बोलीत समजावून द्यावा. यांपैकी एकाही गोष्टीसाठी नव्या अनुदानाची वाट पाहावी लागत नाही. उद्याचे कुलगुरू आणि राज्यपाल आज याच शाळांत आणि याच ग्रामसभांत बसलेले आहेत.