शंभर फ्रँकांचें सोनें

पॅरिस येथें सीन नदीच्या कांठीं फ्रान्सची जुनी टांकसाळ आहे. फ्रँकांच्या काळीं नवें नाणें काढावयाचें झालें म्हणजे प्रथम त्याचे थोडे नमुने पाडीत व त्यांवर ‘एसे’, म्हणजे ‘चांचणी’, असा शब्द उमटवीत. १९२९ सालीं ल्यूसियँ बाझोर या मुद्राकारानें केलेला शंभर फ्रँकांच्या सुवर्णनाण्याचा नमुना संग्राहकांना क्वचितच दृष्टीस पडतो. एका बाजूस प्रजासत्ताकदेवतेचें पंखधारी मस्तक, दुसऱ्या बाजूस गव्हाची लोंबी. नाणें देखणें आहे खरें. पण त्याचें मर्म वजनांत आहे.

हें वजन ६.५५ ग्रॅम. १८०३ च्या कायद्याप्रमाणें वीस फ्रँकांचें सुवर्णनाणें ६.४५ ग्रॅम भरत असे, आणि कस दोहोंचा एकच, दहांत नऊ भाग. म्हणजे आजोबांनीं जें सोनें वीस फ्रँक म्हणून पेटींत ठेविलें, जवळजवळ तेंच नातवाला शंभर म्हणून द्यावयाचें होतें!

हा फरक पहिल्या महायुद्धानें पाडला. युद्धाचा खर्च, उद्ध्वस्त प्रांतांची उभारणी व त्यांपायीं वाढत गेलेल्या नोटा यांमुळें, पूर्वीं पौंडाला पंचवीस मिळणारे फ्रँक १९२६ च्या जुलैंत दोनशेंहून अधिक मिळूं लागले. पुढें पंतप्रधान प्वँकारे यांनीं घसरण थांबविली, व २५ जून १९२८ च्या कायद्यानें जुन्याच्या पंचमांश किंमतीचा फ्रँक कायम झाला. पूर्वीं रुपयाचे जसे सोळा आणे असत, तसे फ्रँकाचे वीस सू असत. म्हणून लोक नव्या फ्रँकाला ‘चार सूंचा फ्रँक’ म्हणूं लागले. विनोद कडवट होता. १९१५ मध्यें देशासाठीं म्हणून याच लोकांनीं घरांतलें सोनें बँकेंत नेऊन नोटा घेतल्या होत्या. आतां नोटांचें सोनें मागावें, तर तें लगडींच्या रूपानेंच मिळे, आणि तेंही किमान २,१५,००० फ्रँकांचें. असा धनको सामान्य गृहस्थांत कोठून निघणार?

बाझोरचें नाणें १९३५ व १९३६ या सालांचें मोठ्या संख्येनें पाडलें गेलें. १९३५ चींच साठ लाखांहून अधिक. परंतु तीं बँकेच्या तळघरांतच राहिलीं. १ ऑक्टोबर १९३६ च्या कायद्यानें फ्रँक पुन्हा उतरविला आणि नाण्यांतील सोनें त्यावरील आंकड्याहून महाग झालें. पुढें त्यांतील बहुतेक वितळविण्यांत आलीं.