दहापैकी किती?

मी सैन्यातून निवृत्त झालेला, साठी ओलांडलेला माणूस. बंगळुरूत इंदिरानगरला राहतो. आम्ही दोघं नवरा-बायको लडाखच्या मारखा खोऱ्यात तंबू घेऊन चालायला गेलो होतो. त्यातली एकच गोष्ट आज सांगणार आहे, कारण आमच्या वयाची बरीच जोडपी हल्ली डोंगरात जातात.

तीन महिने तयारी केली. रोज पाठीवर सॅक घेऊन इमारतीचे जिने, रविवारी सावनदुर्ग नाहीतर नंदी हिल्स. पाय तयार झाले. पण विरळ हवेची सवय जिन्यावर होत नाही. बंगळुरू साधारण ९२० मीटरवर, लेह ३,५०० मीटरवर. विमान अर्ध्या दिवसात पोचवतं, शरीराला मात्र दिवस लागतात. ऑक्सिजनचं प्रमाण वरही २१ टक्केच असतं. हवेचा दाब घटतो, म्हणून प्रत्येक श्वासात तो कमी मिळतो.

सैन्यात याचं वेळापत्रकच असतं. ९,००० ते १२,००० फुटांसाठी सहा दिवस, १५,००० पर्यंत आणखी चार, त्याच्या वर पुन्हा चार. जवान कितीही तगडा असो, त्यात सूट नाही. महिन्याहून जास्त रजेवर राहून आला, तर पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे तिशीत मी लडाखमध्ये होतो, याचा साठीनंतर काडीचा उपयोग नाही.

जोडीनं जाताना आणखी एक धोका असतो. तीस-पस्तीस वर्षांच्या संसारात 'काही नाही, ठीक आहे मी' असं म्हणायची सवय लागलेली असते. समोरच्याचा विरस होऊ नये म्हणून आपण दुखणं गिळतो. घरात तो समजूतदारपणा असतो. वर डोंगरात त्यानं जीव जाऊ शकतो.

म्हणून निघण्यापूर्वी आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. 'बरं वाटतंय का?' असं विचारायचं नाही. 'डोकं दहापैकी किती दुखतंय?' असं विचारायचं आणि आकडाच सांगायचा. दुसरं, दोघांपैकी एकानं 'खाली' म्हटलं, की खाली पोचेपर्यंत वाद नाही.

लेहला चार रात्री थांबलो. मग स्क्यू, मारखा, हांकर असं चढत थाचुंगत्सेला, सुमारे ४,२०० मीटरवर, मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी दुपारी निमालिंगला पोचलो. ते सुमारे ४,७०० मीटरवर. समोर कांगयात्से शिखर. पुढच्या सकाळी कोंगमारू ला ही सुमारे ५,२०० मीटरची खिंड ओलांडायची होती.

मी सूप अर्धं टाकलं. हिनं लगेच विचारलं, "दहापैकी किती?"

मी म्हटलं, "चार."

गोळी घेतली, पाणी प्यायलो, तासभर पडलो. तिनं पुन्हा विचारलं. आता आकडा सहा होता आणि मळमळही सुरू झाली होती. 'तीन' म्हणायचं अगदी ओठावर आलं होतं. उद्याची खिंड, आमचा घोडेवाला बघतोय, आणि मी फौजी माणूस! पण ठरलेलं होतं. "सहा," म्हणालो.

तिनं मला सरळ रेषेत, टाचेला बोटं लावून दहा पावलं चालायला लावलं. तोल जात नव्हता. म्हणाली, "बूट घाला. अजून उजेड आहे."

संध्याकाळी पुन्हा थाचुंगत्सेला होतो. पाचशे मीटर उतरलो तेवढ्यानं आकडा दोनवर आला, सकाळी शून्य. खिंड राहिली. आल्या वाटेनं परतलो. नियम पाळूनही त्रास होतो, कारण शरीर वेळापत्रक वाचत नाही. त्रास वाढू लागला की औषध एकच: खाली उतरणं.

हुकूम देण्यात माझी उमर गेली. त्या दुपारी बायकोचा हुकूम ऐकला, म्हणून आज तुमच्यासमोर बसून बोलतोय, असं मी मानतो.

तुम्ही जाणार असाल, तर आधी डॉक्टरांना भेटा. आणि सॅक भरण्यापूर्वी दोघांनी समोरासमोर बसून हा करार करा. खरा आकडा सांगायची सवय घरातच, साध्या गुडघेदुखीपासून लावून घ्या. जय हिंद.