वजन, उपवास आणि खाण्याचे माप



वजन उतरविण्याचा निश्चय केला की पहिली आठवण होते ती उपवासाची. श्रद्धेचा उपवास हा निराळा विषय. वजनासाठी धरलेल्या उपवासाचा हिशेब मात्र तपासावयास हवा. साबुदाणा १०० ग्रॅम, दाण्याचे कूट ३० ग्रॅम व तूप दोन लहान चमचे, एवढ्या जिनसांच्या खिचडीतून सुमारे ६०० उष्मांक मिळतात. १०० ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीतून जेमतेम ३५०; शिवाय प्रथिने व तंतू मिळतात ते वेगळेच. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण उगाच रूढ झालेली नाही. मधुमेहाची औषधे चालू असणाऱ्याने तर डॉक्टरांना विचारल्याविना उपवास करूच नये. रक्तातील साखर एकाएकी उतरण्याचा धोका असतो.

दिवसभर पोट रिकामे राहिले की सायंकाळी भूक कोणती आणि नुसती खाण्याची इच्छा कोणती, हे उमजेनासे होते. म्हणून वेळेवर जेवावे, आणि आवडीचा पदार्थ वर्ज्य करण्याऐवजी त्याचे माप ठरवावे. जिलबी खावयाचीच तर एक, ताटलीत घेऊन, बसून खावी. डब्यातून उभ्या उभ्या नव्हे.

कचेरीतील चहा कोणी आहारात धरीत नाही. कपाला दोन चमचे, म्हणजे १० ग्रॅम साखर धरली, तर सहा कपांत ६० ग्रॅम होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलेली मर्यादा २००० उष्मांकांच्या आहारात सुमारे ५० ग्रॅमची आहे. ग्रामपंचायतीच्या बैठकीत बिनसाखरेच्या चहाची एक किटली निराळी ठेवली, तरी पुष्कळांची सोय होईल.