घरी राहा, म्हणजे कुणी काय करा?

(कार्यकर्त्यांच्या दोन दिवसांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आजच्या सत्राचा विषय ‘संकटकाळ आणि स्त्रियांचे श्रम’ असा आहे. आपल्यापैकी बहुतेकजणींनी २०२० चा लॉकडाउन इथेच काढला. त्यावर आपण वस्तीत, बैठकांत पुष्कळ बोललोही आहोत. मी ते दिवस फ्रान्समध्ये काढले. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही तेव्हा पॅरिसला लागून असलेल्या सँ-दनी या गावात राहत होतो. म्हणून तिथल्या अनुभवाबद्दल मी बोलावं असं संयोजकांनी सुचवलं.

परदेशाच्या गमतीजमती सांगायला मी उभी नाही. फ्रान्समध्ये सरकारी आरोग्यविमा आहे. लॉकडाउनमध्ये काम थांबलेल्या कामगाराला निव्वळ पगाराच्या सुमारे ८४ टक्के रक्कम मिळत होती. गर्भपाताचा कायदा १९७५ पासून आहे. एवढं सगळं असलेल्या देशात ‘घरी राहा’ असा हुकूम निघाल्यावर घराच्या आत काय झालं, कोणत्या बायकांना वाट मिळाली आणि कोणत्या बायकांना मिळाली नाही, हे आपण नीट पाहिलं तर आपल्या कामासाठी काही हाती लागेल, असं मला वाटतं.

आधी हुकूम काय होता ते सांगते. १६ मार्च २०२० च्या रात्री राष्ट्राध्यक्ष माक्राँ टीव्हीवर बोलले. ‘आपण युद्धात आहोत’ हे वाक्य त्या एका भाषणात सहा वेळा आलं. दुसऱ्या दिवशी दुपारी बारापासून देश बंद झाला, तो ११ मेपर्यंत. एकूण ५५ दिवस. शाळा एक दिवस आधीच बंद झाल्या होत्या. बाहेर पडायचं तर दर वेळी एक कागद भरून जवळ ठेवायचा. त्यावर नाव, जन्मतारीख, पत्ता आणि बाहेर पडण्याचं कारण. कारणं ठरलेली : घरून करता येणार नाही असं काम, गरजेची खरेदी, दवाखाना, घरातली अडचण, थोडं चालणं. छापील कागद नसेल तर सगळा मजकूर हाताने लिहायचा. २४ मार्चपासून चालण्याला मर्यादा आली : दिवसातून एक तास, घरापासून एक किलोमीटर. मोडलं तर १३५ युरो दंड. त्या ५५ दिवसांत ११ लाखांच्या आसपास दंड झाले.

म्हणजे घराबाहेरच्या प्रत्येक पावलाचा विचार सरकारने केला होता. उंबऱ्याच्या आत मात्र सरकारला काहीच दिसत नव्हतं. माणसाला घरात पाठवलं की तो तिथे आपोआप जगतो, असं गृहीत धरलं होतं. आपोआप काही होत नाही हे आपल्याला माहीत आहे. कोणीतरी ते करतं.

आम्ही राहत होतो तो सेन-सँ-दनी जिल्हा. फ्रान्सच्या मुख्य भूमीवरचा हा सर्वांत गरीब जिल्हा. तिथे शाळेच्या कँटीनमध्ये मुलांना दुपारचं पूर्ण जेवण मिळतं, आणि आईबापांच्या उत्पन्नाप्रमाणे त्याचे पैसे कमी-जास्त होतात. शाळा बंद झाली आणि ते ताट बंद झालं. आमच्या वरच्या मजल्यावर माली देशातून आलेलं एक कुटुंब होतं. दोन खोल्या आणि तीन मुलं. कँटीनचं ताट गेल्यावर त्या बाईच्या अंगावर रोजची तीन जास्तीची ताटं आली. दुकानात मैदा आणि पास्ता मिळेना, आणि मिळाला तर महाग. मुलांचा अभ्यास मोबाइलवर यायचा, आणि मोबाइल घरात एकच. ती स्वतः हॉस्पिटलात सफाईचं काम करायची, म्हणजे तिला सुट्टी नव्हती. पहाटे कामाचा कागद घेऊन बाहेर, दुपारी परत, मग स्वयंपाक, मग एकेका मुलाचा अभ्यास. नवरा बांधकामावर होता. त्याचं काम थांबलं होतं, तो घरीच होता. तो वाईट माणूस नव्हता. पण चूल त्याच्या वाट्याची नव्हती, आणि ५५ दिवसांत ती त्याच्या वाट्याला आलीही नाही.

शिकलेल्या, घरून काम करणाऱ्या घरांत वेगळं होतं का? तिथली लोकसंख्येचा अभ्यास करणारी सरकारी संस्था, इनेद, हिने त्याच काळात पाहणी केली. घरून काम करणाऱ्या पुरुषांपैकी ४१ टक्के पुरुषांना स्वतंत्र खोली होती. बायकांपैकी फक्त २५ टक्के बायकांना. बाकीच्या बायका स्वयंपाकघराच्या टेबलावर, मुलांच्या मधोमध बसून काम करत होत्या. तिथल्या सांख्यिकी संस्थेचे आकडेही असेच बोलतात. घरात मुलं असलेल्या बायकांपैकी ८३ टक्के बायका मुलांसाठी दिवसाचे चार तासांहून जास्त देत होत्या, पुरुषांपैकी ५७ टक्के. मुलं सांभाळण्यासाठी काम सोडून बसलेल्या आया २१ टक्के, बाप १२ टक्के.

हा शेवटचा आकडा कसा तयार होतो तेही पाहा. शाळा बंद म्हणून आईबापांना पगारी रजा मिळत होती, पण एका वेळी दोघांपैकी एकालाच. रजेत पगार थोडा कापला जायचा. मग घरात हिशेब होतो : ज्याचा पगार कमी, त्याने रजा घ्यावी. पगार कुणाचा कमी? बाईचा. नियमात ‘आई’ हा शब्द कुठेच नव्हता, तरी तो नियम आईलाच लागू झाला. आपण कायद्याचे मसुदे वाचतो तेव्हा ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

युद्धाची भाषा निघाली म्हणून एक जुनी आठवण सांगते. २६ ऑगस्ट १९७० ला पॅरिसमध्ये काही बायका विजयकमानीखालच्या अनामिक सैनिकाच्या स्मारकावर फुलं वाहायला गेल्या. ती फुलं सैनिकासाठी नव्हती, त्याच्या बायकोसाठी होती. त्या सैनिकापेक्षाही अनामिक कोणी असेल तर ती त्याची बायको, असं त्यांच्या फलकावर लिहिलेलं. पोलिसांनी त्यांना अडवलं. फ्रान्समधल्या नव्या स्त्री-चळवळीची सुरुवात त्या दिवसापासून मोजतात. पन्नास वर्षांनी पुन्हा युद्ध जाहीर झालं तेव्हा रोज रात्री आठला लोक खिडकीत उभं राहून दवाखान्यातल्या कर्मचाऱ्यांसाठी टाळ्या वाजवत. नर्स, आया, दुकानात गल्ल्यावर बसणाऱ्या, यांच्यात दहापैकी जवळजवळ नऊ बायका. टाळ्या संपल्या की त्याच बायका घरी येऊन भांडी घासत होत्या.

आता हिंसेबद्दल. २६ मार्चला, म्हणजे दहाच दिवसांत, गृहमंत्र्यांनी सांगितलं की घरगुती हिंसेसाठी पोलिसांना जावं लागण्याचं प्रमाण एका आठवड्यात पॅरिस भागात ३६ टक्क्यांनी आणि गावाकडच्या, छोट्या शहरांच्या पोलिसांकडे ३२ टक्क्यांनी वाढलं. बाहेर पडण्याच्या कागदावर मारहाणीतून सुटण्यासाठी चौकट नव्हती. अशा बाईला कागद लागत नाही, हे वेगळं सांगावं लागलं.

मी तेव्हा हिंदी समजणाऱ्या बायकांसाठी फोनवर दुभाषाचं काम करत होते. त्या भागात पंजाब, पाकिस्तान, बांगलादेशातून आलेली पुष्कळ कुटुंबं आहेत. एका बाईबद्दल सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. ती न्हाणीघरात नळ सोडून बोलायची. जास्तीत जास्त चार मिनिटं. नवरा रोज मोबाइल तपासायचा. तिचा राहण्याचा परवाना एप्रिलमध्ये संपत होता, आणि नवरा म्हणायचा, बाहेर पाऊल टाकलंस तर पोलीस तुला परत पाठवतील. खरं तर मुदत संपणारे परवाने सरकारने आपोआप वाढवून दिले होते. पण ही गोष्ट तिला सांगणार कोण? तिच्या घरात बातमी येण्याचा दरवाजा म्हणजे नवराच.

२७ मार्चच्या सुमारास औषधांच्या दुकानांत सोय झाली की बाईने तिथे सांगितलं तर दुकानदार पोलिसांना कळवेल. पण हिला फ्रेंच येत नव्हतं. मग मी तिला फोनवर एकेक अक्षर सांगून दोन फ्रेंच वाक्यं लिहायला लावली. बाहेर पडण्याचा कागद ती हातानेच लिहायची, त्याच्याच मागच्या बाजूला. दोन दिवस लागले, कारण चार मिनिटांत तेवढंच व्हायचं. तिसऱ्या दिवशी मुलीच्या तापाचं औषध आणायला म्हणून ती मुलीला घेऊनच निघाली. दुकानातल्या बाईने कागद उलटा करून वाचला आणि तिला आत नेऊन बसवलं. त्या रात्री ती आणि मुलगी हॉटेलच्या खोलीत झोपल्या. त्या खोलीत चूल नव्हती आणि पुढचे सहा आठवडे त्या तिथेच होत्या. पण झोपल्या.

आणखी एक आकडा सांगते, कारण तो आपल्यापुढे कोणीतरी ठेवणारच. फ्रान्समध्ये जोडीदाराच्या हातून मारल्या गेलेल्या बायका २०१९ मध्ये १४६, २०२० मध्ये १०२, आणि २०२१ मध्ये पुन्हा १२२. मग लॉकडाउनमध्ये घर सुरक्षित झालं का? आपण केसेस पाहतो. बाई घर सोडायला निघते, तेव्हाच तिच्या जिवाला सर्वांत जास्त धोका असतो. त्या दिवसांत सोडून जाणंच कठीण होतं. खून कमी झाले म्हणून मार कमी झाला, असा अर्थ कोणी काढत असेल तर त्याला हे सांगायला हवं.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. ज्या वाटा उघडल्या त्या कोणत्या? ३९१९ हा मदतीचा फोन. तो स्त्रीसंघटनांचा महासंघ चालवतो आणि त्याचं काम १९९२ पासून चालू आहे. मारहाण झालेल्या बायकांसाठीचं तिथलं पहिलं निवारागृह संघटनांनी १९७८ मध्ये क्लिशीला सुरू केलं, त्याचा अनुभव त्यामागे आहे. १ एप्रिल २०२० पासून ११४ या नंबरवर मेसेज करून मदत मागता येऊ लागली. नवरा शेजारच्या खोलीत असताना बोलता येत नाही, मेसेज करता येतो. हा नंबर मुळात ऐकू न येणाऱ्या लोकांसाठी २०११ मध्ये सुरू झालेला. त्यांच्यासाठी केलेली सोय कोंडलेल्या बायकांच्या उपयोगी पडली. तिसरी वाट गर्भपाताची. गोळ्या घेऊन घरी गर्भपात करण्याची मुदत गर्भधारणेच्या पाच आठवड्यांवरून सात आठवड्यांवर नेली गेली, आणि सल्ला फोनवरून, व्हिडिओवरून घेता येऊ लागला. मार्चमध्ये सिनेटमध्ये मुदत वाढवण्याची मागणी झाली, ती फेटाळली गेली. १९५६ पासून काम करणारी कुटुंबनियोजनाची चळवळ आणि अनेक डॉक्टर मागे लागले, आणि १४ एप्रिलला आदेश निघाला. २०२२ च्या कायद्याने ती सवलत कायमची झाली.

आणि कोण राहून गेलं? म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन त्यांची अंघोळ, जेवण करणाऱ्या मदतनीस. जुलै २०२० मध्ये दवाखान्याच्या कर्मचाऱ्यांना महिना १८३ युरोंची वाढ मिळाली, तेव्हा या त्यात नव्हत्या. त्यांच्या बक्षिसाच्या रकमेची घोषणा ऑगस्टमध्ये झाली, पगारवाढ ऑक्टोबर २०२१ मध्ये, तीही फक्त संस्थांकडे नोकरी करणाऱ्यांना. एकेका घरात एकटीने काम करणाऱ्या बायका, त्यांची युनियन कुठून होणार? तसंच मास्क शिवणाऱ्यांचं. हजारो बायकांनी घरी बसून फुकट मास्क शिवले. त्यात शिवणावर पोट असलेल्याही होत्या. काहींनी एकत्र येऊन विचारलं की डॉक्टरला पगार आहे, मग आमची शिलाई फुकट का? आणि कागदपत्रं नसलेल्या, रोख पैशांवर धुणीभांडी करणाऱ्या बायका. त्यांचं काम कुठेच नोंदलेलं नव्हतं, म्हणून ८४ टक्के पगारही नव्हता.

दोन्ही याद्या शेजारी ठेवून पाहा. संकट आल्यावर सरकारला एका रात्रीत शहाणपण सुचलं असं पहिल्या यादीत एकही उदाहरण नाही. जिथे आधी दहा, वीस, चाळीस वर्षं कोणीतरी फोन उचलला होता, नोंदी ठेवल्या होत्या, मागण्या लिहून ठेवल्या होत्या, तिथे दोन-चार आठवड्यांत दार उघडलं. जिथे बायका एकेकट्या होत्या, तिथे टाळ्या मिळाल्या.

आपल्याकडे काय स्थिती आहे? पोलिस ठाण्यातले महिला आणि मुलांसाठीचे विशेष कक्ष मुंबईत १९८४ पासून आहेत. २००५ च्या कायद्याने संरक्षण अधिकारी आले. घरकामगार बायकांच्या संघटना आहेत. म्हणजे पाया आहे. आज दुपारच्या गटचर्चेत प्रत्येक गटाने तीन गोष्टींवर बोलावं अशी माझी सूचना आहे. एक, आपल्या वस्तीत बाईला नवऱ्याला न कळता पोचता येईल अशी जागा कोणती : रेशन दुकान, अंगणवाडी, औषधाचं दुकान, पिठाची गिरणी? तिथल्या माणसाशी आपण आजच बोलून ठेवलंय का? दोन, आपल्या वस्तीत परप्रांतातून आलेल्या, मराठी न येणाऱ्या बायका किती, आणि त्यांची भाषा येणारी आपल्यात कोण आहे? तीन, एकटीने काम करणाऱ्या बायकांची नोंद आपल्याकडे आहे का? सरकारकडे नसेल, आपल्याकडे तरी आहे का?

यातलं एकही काम संकट आल्यावर सुरू करता येत नाही. लॉकडाउन लागला तेव्हा औषधाचं दुकान उघडं होतं, पण तिथवर जायला दोन वाक्यं लागली, आणि ती सांगायला कोणीतरी फोनवर असावं लागलं. आपापल्या भागात ते कोण असेल, हे दुपारी नावांनिशी लिहून काढूया.