आईचा कढीपत्ता, ताक आणि राख

(हे आमच्या बागेवरच्या पॉडकास्टच्या एका भागाचं शब्दांकन. वाचायला सोपं जावं म्हणून थोडी काटछाट केली आहे. बोलण्याची भाषा शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)

आज मागून कावळे आणि प्रेशर कुकर दोन्ही ऐकू येतील, कारण मी घरात नाही, टेरेसवर बसून बोलतेय. समोर एक अर्धा कापलेला निळा ड्रम आहे आणि त्यात एक काडी आहे. म्हणजे बघणाऱ्याला काडीच दिसेल. तो आमचा कढीपत्ता आहे.

गेल्या महिनाभरात तुमचे सगळ्यात जास्त प्रश्न कशावर आले असतील तर घरगुती टॉनिकवर. ताक घालू का, केळीच्या सालीचं पाणी घालू का, चहाचा चोथा, अंड्याची टरफलं, राख, हळद. बऱ्याच जणांनी एकच फॉरवर्डही पाठवलाय, 'हे सात पदार्थ घाला आणि झाड पंधरा दिवसांत हिरवंगार'. मी उत्तर द्यायचं टाळत होते. कारण सांगते. त्या सातातले पाच मी या ड्रममध्ये घातले होते.

हा कढीपत्ता देवरुखहून आलेला. आईच्या माहेरी मागच्या दारी, न्हाणीच्या पाण्यावर वाढलेलं मोठं झाड होतं, त्याच्या मुळातून फुटलेलं रोप. आता ते घर नाही. वाटण्या झाल्या, जागा गेली, झाडही गेलं. आई पुण्याला आमच्याकडे राहायला आली तेव्हा तिच्या सामानात दोन पातेली, एक पाटा आणि हे रोप, एवढंच तिने हट्टाने आणलं होतं. त्यामुळे त्याची पानं पिवळी पडायला लागली तेव्हा मी जरा घाबरलेच. आणि घाबरलेला माणूस झाडाला काहीतरी घालतो, हे तुम्हीही अनुभवलं असेल.

मी पहिलं घातलं ताक. आंबट, चार दिवसांचं, एक मोठा ग्लास, दर तिसऱ्या दिवशी. कढीपत्त्याला ताक, हे आपल्याकडे सगळ्यांनाच माहीत असतं. मग कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडून कोळशाची राख आणली, ती दोन मुठी. अंड्याची टरफलं तर वर्षभर चालूच होती. चहाचा चोथा रोजचा. आणि एका ओळखीच्या शेतकऱ्याने कॅनमधून जीवामृत दिलं, ते लिटरभर.

पानं आणखी पिवळी झाली. मग गळायला लागली.

एक दिवस आई बाहेर येऊन बसली आणि म्हणाली, "अगं, किती आंबूस वास येतोय इथे. काय ओततेस?" मी म्हटलं, "तुझंच औषध. ताक." ती म्हणाली, "ताक कोण घालतं झाडाला? आम्ही ताकाचं भांडं विसळलेलं पाणी घालायचो."

मंडळी, मी तिथेच बसले. भांड्याला चिकटलेलं चमचाभर ताक आणि तांब्याभर पाणी, हा मूळ उपाय. फिरत फिरत तो माझ्यापर्यंत आला तेव्हा त्याचा ग्लासभर ताक झाला होता. आणि देवरुखला ते पाणी उघड्या जमिनीवर पडायचं, तेही दर वेळी वेगळ्या झाडाला. इथे सगळं एका ड्रममध्ये. ताकातलं स्निग्ध आणि प्रथिनं मातीत कुजतात. कुजवणारे जिवाणू प्राणवायू वापरतात. माती आधीच ओली आणि घट्ट असेल तर मुळांना श्वास घ्यायला काही उरत नाही. तो आंबूस वास त्याचाच होता.

आता जीवामृताचं. हे गणित मी नंतर केलं, आधी करायला हवं होतं. सुभाष पाळेकरांच्या पद्धतीत २०० लिटर पाण्यात १० किलो शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि मूठभर माती घालून ते दोन दिवस मुरवतात आणि ते २०० लिटर एका एकराला देतात. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. भागाकार करा, एका चौरस फुटाला येतात साधारण ५ मिलीलिटर. चौदा इंची कुंडीचं तोंड जेमतेम एक चौरस फूट भरतं. म्हणजे कुंडीचा वाटा किती, तर एक चहाचा चमचा, तोही पाण्यातून. मी ओतलं लिटरभर! दोनशे पट. अगदी दुप्पट-चौपट दिलं तरी चालेल, पण दोनशे पट म्हणजे अन्न नव्हे, लोंढा. जीवामृत वाईट नाही हो. मी एकराचा डोस ड्रमला दिला.

आता राखेकडे येते, कारण आज मला मुख्य बोलायचंय ते इथे आहे.

आईच्या माहेरी राख माडाला घालायचे, केळीला घालायचे, वांग्यावर मावा पडला की पानांवर सकाळी दवात भुरभुरायचे. आणि ते बरोबरच होतं. कोकणातली माती जांभ्याची, तांबडी. प्रचंड पावसाने तिच्यातला चुना वगैरे धुऊन गेलेला असतो, म्हणून ती आम्ल असते. लाकडाची राख अल्कधर्मी, शिवाय तिच्यात पालाश. आम्ल मातीत राख पडली की दोन्हीकडून फायदा. अंड्याची टरफलंही तिथे हळूहळू विरघळतात, कारण ती म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आणि ते विरघळायला आम्लच लागतं.

आणि मी कुठे बसलेय? घाटावर. ड्रममध्ये नर्सरीतून आणलेली काळी माती. आपल्या काळ्या मातीत बऱ्याच ठिकाणी चुनखडी असते, ती मुळातच अल्कधर्मी. त्यात उन्हाळ्यात सोसायटीला बोअरचं जड पाणी. कुंडीच्या कडेला पांढरी पुटं चढतात ना, ती त्याच पाण्याची. अशा मातीत लोह असतं, पण ते अडकून बसतं, मुळांना मिळत नाही. मग नवी पानं पिवळी येतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. माझ्या कढीपत्त्याची सुरुवात अगदी अशीच झाली होती. त्या मातीत मी घातली राख. म्हणजे कुलपावर आणखी एक कुलूप. वर सोमवारी आंबट ताक आणि मंगळवारी राख, म्हणजे एकाने सोडवायचं आणि दुसऱ्याने बांधायचं.

म्हणून मला असं वाटायला लागलंय की घरगुती उपायाला पत्ता असतो. तो कुठल्या मातीतून, कुठल्या पाण्यातून आला हे विचारायला पाहिजे. रत्नागिरीच्या सासूबाई राख घाला म्हणतात आणि सोलापूरच्या काकू नको म्हणतात, तर दोघी खरं बोलतायत. भांडायचं कारण नाही.

तुमची माती कुठली हे बघायला प्रयोगशाळा लागत नाही. कुंडीतली चमचाभर कोरडी माती वाटीत घ्या आणि तिच्यावर पांढरं व्हिनेगर टाका. फसफसली, बुडबुडे आले, तर चुना आहे. मग राख नको आणि टरफलंही नकोत. मी केलं तेव्हा सोड्यासारखा फेस आला. टरफलांचं म्हणाल तर ड्रम उपसला तेव्हा वर्षापूर्वीची टरफलं जशीच्या तशी निघाली, एकावर तर पेनाने लिहिलेली तारीखसुद्धा होती. आमच्याकडे अंडी आणली की तारीख लिहायची सवय आहे, हसू नका.

पिवळं पान दिसलं की 'भूक लागली' असं आपण धरून चालतो. पण पिवळेपणाही वेगवेगळा असतो. खालची, जुनी पानं आधी पिवळी पडतायत आणि वाढ मंद आहे, तर नत्र कमी असू शकतं, तिथे शेणखत, गांडूळखत. शेंड्याची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, तर लोह. आणि माती ओली असूनही झाड मलूल, पानं सगळीकडून गळतायत, तर आधी भोक बघा. कुंडीच्या बुडाचं भोक. त्या वेळी कुठलंही टॉनिक म्हणजे बुडणाऱ्याला पाणी पाजणं. माझ्या ड्रमला चार भोकं होती. चारही काळ्या मातीच्या चिखलाने आणि मुळांनी बंद.

बाकीच्या पदार्थांचं भराभर सांगते. चहाचा चोथा धुऊन, वाळवून, कंपोस्टमध्ये घाला. दूध-साखरेसकट कुंडीत घातला की बुरशी आणि मुंग्या. केळीच्या सालीत पालाश असतं, पण बाटलीत भिजवून वास सोसण्यापेक्षा तीही कंपोस्टमध्ये बारीक चिरून टाका, सगळंच मिळेल. तांदळाचं धुवण खुशाल घाला, मीठ नसलेलं. ताजं घाला. एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम, ते कमी नसेल तर घालून उपयोग नाही. आणि दूध? दुधाला मात्र खरा आधार आहे. ब्राझीलमधले शास्त्रज्ञ बेटिओल यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काचघरातल्या झुकिनीवर पाणी घातलेलं दूध फवारलं आणि भुरी रोग चांगला आटोक्यात आला. साधारण एक भाग दूध, नऊ भाग पाणी. म्हणजे दोडका, काकडी, भोपळ्याच्या पानांवर पांढरी पावडर दिसायला लागली की हे करून बघा. पण ते पानांवर फवारायचं, मातीत ओतायचं नाही. आणि भुरीवर, पिठ्या ढेकणावर नाही.

पिठ्या ढेकूण म्हणजे जास्वंदीवरचा तो कापसासारखा पांढरा. त्याच्यावरून एक गोष्ट सांगायची आहे आणि ही सांगताना मला आजही बरं वाटत नाही.

दोन वर्षांपूर्वी मी जास्वंदीसाठी तंबाखूचं पाणी केलं होतं. फॉरवर्डमध्येच होतं, 'पूर्णपणे नैसर्गिक'. रात्रभर तंबाखू भिजवली, गाळली आणि रिकाम्या सरबताच्या बाटलीत भरून इथे कठड्याजवळ ठेवली. रंग अगदी कोकम सरबतासारखा. रविवारी भाऊ-वहिनी आले होते, भाचा सहा वर्षांचा. तो बाहेर खेळत होता. मी चहा घेऊन आले तेव्हा बाटली त्याच्या हातात होती आणि झाकण उघडलेलं. त्याने तोंडाला लावली नव्हती. वास आवडला नाही म्हणाला. एवढंच. त्या वासाने वाचवलं, मी नाही.

निकोटिन हे जहर आहे. पोटात गेलं तर आहेच, कातडीतूनही शिरतं. निकोटिन सल्फेट हे कीटकनाशक म्हणून वापरायला आपल्या देशात बंदी आहे. त्यात तंबाखूतून टोमॅटो-मिरचीला मोझॅक विषाणूची लागण होऊ शकते, ते वेगळंच. तर 'नैसर्गिक' या शब्दावर झोपू नका. आणि कुठलंही औषध, अगदी कडुनिंबाचंसुद्धा, खाण्यापिण्याच्या बाटलीत भरू नका. बाटलीवर नाव लिहा, उंच ठेवा.

मग जास्वंदीला काय? आधी जुना टूथब्रश आणि पाण्याचा जोरदार फवारा, अर्धं काम तिथे होतं. मग लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल. तेल पाण्यात मिसळत नाही, म्हणून आधी ते रिठ्याच्या पाण्यात चांगलं फेटायचं. भांडी घासायचं लिक्विड नको, त्याने पानं करपतात. संध्याकाळी फवारायचं, कारण कडुनिंबातलं काम करणारं द्रव्य उन्हात लवकर निकामी होतं, आणि भर उन्हात तेलाने पानही भाजतं. आधी दोन पानांवर, दुसऱ्या दिवशी बाकी झाडावर. आठवड्याने पुन्हा. आणि मुंग्या बघा! पिठ्या ढेकूण गोड चिकटा सोडतात, त्याच्यासाठी मुंग्या त्यांना सांभाळतात, इकडून तिकडे नेतात. मुंग्यांची वाट तोडली नाही तर तुम्ही फवारतच राहाल.

तर हा ड्रम. जून महिन्यात उपसला. मुळं तपकिरी, बोटात धरली की साल सुटून येत होती. तेवढी कापली. पांढरी, टणक अशी थोडी मुळं उरली होती. भोकं मोठी केली, तांबडी माती, जुनं शेणखत आणि थोडं कोकोपीट असं नव्याने भरलं, वरच्या फांद्या छाटल्या. चुनखडीच्या मातीतही टिकणारं चिलेटेड लोह कृषी सेवा केंद्रात मिळतं, ते मी आणून ठेवलंय, पण अजून दिलं नाही. पुडी कपाटात आहे. नवी माती आहे, आधी पान येऊ दे आणि त्याचा रंग बघू दे. तोपर्यंत फक्त पाणी, तेही बोट घालून माती कोरडी लागली तरच. बोअरचं पाणी असतं त्या दिवसांत आई त्याच्यासाठी पावसाचं साठवलेलं पाणी वापरते, तिने दोन बादल्या वेगळ्या ठेवल्यात. मला हात लावू देत नाही.

परवा बुंध्याजवळ मातीतून एक कोंब आलाय, करंगळीच्या पेराएवढा. मूळ झाडही असंच खालून फुटायचं, असं आई म्हणाली. फोडणीला सध्या मंडईतून आणतो.

व्हिनेगर टाकून बघा आणि फसफसलं का ते गावाच्या नावासकट कळवा, पुढच्या वेळी तुमची उत्तरं वाचून दाखवते. कुकरची तिसरी शिट्टी झाली, जाते मी. नमस्कार.