शिखर राहिले, त्याविषयी



गेल्या कार्तिकात सुवर्णमहोत्सवानिमित्त आपल्या मंडळाची सहल कुद्रेमुखास गेली होती. ती शिखरावर न पोहोचताच परतली, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. त्यानंतर पुढील सहलीस वयाची मर्यादा घालावी, अशी सूचना कार्यकारिणीकडे आली आहे. तिच्यावर मत देण्यापूर्वी त्या दिवशी डोंगरावर काय घडले, ते सहलीस गेलेल्या आम्हां १९ जणांच्या वतीने आपणांपुढे मांडावयाचे आहे.

आम्ही शुक्रवारी रात्री महादेवपुऱ्याहून बसने निघालो. आमच्यात दूरवाणीनगरच्या टेलिफोन कारखान्यातून निवृत्त झालेले ७१ वर्षांचे एक काका होते. संगणकाच्या कचेऱ्यांतून काम करणारी तरुण मंडळी होती, आणि १४ वर्षांचा एक मुलगाही होता. त्याचा जन्म बेंगळूरचाच. घरी मराठी ऐकावयाचे आणि उत्तर इंग्रजीत द्यावयाचे, ही आपल्या घरोघरची रीत त्याच्याही अंगवळणी पडलेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुळ्ळोडीहून चढण सुरू झाली. जाऊन-येऊन सुमारे २० किलोमीटरांची ही वाट आहे. शिखराची उंची १,८९० मीटरांच्या आसपास, म्हणजे आपल्या कळसूबाईहूनही अधिक. कन्नडमध्ये ‘कुदुरे’ म्हणजे घोडा. डोंगराचा आकार घोड्याच्या मुखासारखा दिसतो म्हणून हे नाव पडले. आरंभी ओहोळ आणि गर्द झाडी लागते. जळवा पायांस चिकटतात, म्हणून प्रत्येकाच्या खिशात मिठाची पुरचुंडी होती. ‘ओंटीमर’ म्हणजे ‘एकटे झाड’ या नावाचा टप्पा मागे टाकला की वाट डोंगराच्या सोंडेवर येते. माथ्यावर कमरेएवढे गवत आणि दोन्ही अंगांच्या घळींत दाट रान, असे तेथील दृश्य आहे. या रानांना ‘शोला’ म्हणतात. पावसाचे पाणी ती मुळांशी आणि पालापाचोळ्यात धरून ठेवतात आणि पुढे उन्हाळ्यातही थोडे थोडे सोडीत राहतात.

सोंडेवर विसावा घेत असता काकांनी मुलास एक गोष्ट सांगितली. याच डोंगररांगेत गंगामूळ येथे तुंगा, भद्रा आणि नेत्रावती या तीन नद्या उगम पावतात. नेत्रावती पश्चिमेस वळून मंगळूरपाशी समुद्रास मिळते. तुंगा आणि भद्रा पूर्वेकडे जातात, कूडली येथे एक होतात, आणि ती तुंगभद्रा पुढे संगमेश्वरम् येथे कृष्णेस मिळते. कृष्णा तर महाबळेश्वरची. “तुझे आजोळ साताऱ्याचे. तिथले पाणी आणि इथले पाणी शेवटी एकाच पात्रात जाते बरे,” असे काका म्हणाले. हा डोंगर आणि गावाकडचा डोंगर एकच सह्याद्री आहे, हे आम्हां मोठ्यांपैकीही कित्येकांच्या त्या दिवशी प्रथमच ध्यानी आले. येथील लोहखनिजाची मोठी खाण सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने २००५ अखेर बंद झाली. तिचा गाळ भद्रेत जात होता, हेही काकांनीच सांगितले.

दुपारी शिखर समोर दिसू लागले. शेवटची खडी चढण तेवढी उरली होती. तेथे काकांचा गुडघा धरला. त्यांनी आग्रह केला, “तुम्ही पुढे व्हा, मी इथेच बसतो.” कोणी म्हणाले, दोघांनी काकांपाशी थांबावे आणि बाकीच्यांनी वर जाऊन यावे. परंतु वाटाड्या एकच होता आणि रान त्याच्याखेरीज कोणासच ठाऊक नव्हते. त्यात दरीतून धुके वर चढू लागले. संध्याकाळच्या आत खाली उतरण्याचा वनखात्याचा नियमही होता. वाटाड्या कन्नडमध्ये बोलत होता आणि काय ठरवावे हे आम्हांस उमजत नव्हते. तेव्हा तो मुलगा पुढे झाला. वाटाड्याशी अस्खलित कन्नडमध्ये बोलून त्याने आम्हांस मराठीत सांगितले, “ते म्हणतात, सगळ्यांनी एकत्र राहा. परत जाऊ या.”

त्याच्या डोळ्यांत पाणी होते. वर जाण्याची सर्वांहून अधिक हौस त्यालाच होती. तरुण मंडळीही नाराज झाली, आणि ती नाराजी आम्ही खोटी म्हणणार नाही. एवढ्या लांब येऊन शिखर न पाहता परतणे कोणासही जड जाते. तरीही आम्ही सर्वजण परतलो.

उतरताना काकांचा एक हात काठीवर आणि दुसरा त्या मुलाच्या खांद्यावर होता. काका वाटेतील एकेक वस्तू दाखवून शब्द सांगत: सोंड, खिंड, घळ, कडा. मुलगा त्यास कन्नड शब्द देई: बेट्ट, काडु, हळ्ळ. चार तासांची ती उतरण अशी संपली. जीपपाशी पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती.

आता सूचनेविषयी. दोष काकांच्या वयाचा नव्हता. चूक आम्हां संयोजकांची होती. वाट किती लांब आणि किती चढाची, हे आम्ही काकांस नीट सांगितलेच नाही. ते नाउमेद होतील असे आम्हांस वाटले. दुसरा वाटाड्या घेतला नाही, आणि सकाळी निघण्यास तासभर उशीरही केला. वयाची मर्यादा घातल्याने यांपैकी एकही चूक सुधारणार नाही. मात्र त्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवणारे कोणी पुढील सहलीत असणार नाही.

म्हणून आमची विनंती अशी की, मर्यादा न घालता व्यवस्था सुधारावी. वाटेची खरी माहिती सर्वांस आधी द्यावी. दोन वाटाडे घ्यावेत, आणि अर्ध्या वाटेवरून एका वाटाड्यासह परतण्याची मोकळीक ज्याला हवी त्याला असावी. म्हणजे ज्यांना शिखर हवे त्यांना शिखर मिळेल, आणि कोणास घरी बसावे लागणार नाही.

पुढील सहलीची यादी कार्यवाहांपाशी आहे. तीत पहिले नाव काकांचे आहे आणि दुसरे त्या मुलाचे. त्याने ते स्वतःच्या हाताने, देवनागरीत लिहिले आहे.