पाच वर्षांची वाट



पारितोषिके वाटून झाली आहेत आणि पडद्यामागे नाटकातली मुले तोंडाला रंग लावून बसली आहेत, हे मला दिसते आहे. मी फार वेळ घेणार नाही. तुमच्या प्राचार्यांनी मला सांगितले, ‘मॅडम, विषय तुमचा तुम्ही निवडा, पण मनातले बोला.’ म्हणून मी आज माझ्या श्रद्धेविषयी बोलणार आहे. मी ख्रिस्ती आहे. ती कशी झाले, ते सांगते.

तुमच्यापैकी काही जण म्हणतील, यात सांगण्यासारखे काय? माझा जन्म राहुरी तालुक्यातल्या ख्रिस्ती घरातच झाला. रविवारी देऊळ, संडे स्कूलमध्ये पाठ केलेली वचने, नाताळच्या आदल्या रात्री पेटी-तबल्यावर घरोघर फिरणारी भजने, करंज्या आणि नवा फ्रॉक. हे सगळे मला आयतेच मिळाले. पण घरात मिळते ती रीत. तिच्यावर आपला विश्वास आहे की नाही, हे ज्याचे त्याला ठरवावे लागते, आणि ते ठरवायला मला बरीच वर्षे लागली.

शाळेत एका मुलीने मला विचारले, ‘तुम्ही कशासाठी बाटलात?’ तिच्या घरी माझा पेला वेगळा ठेवलेला असायचा, तोही मोरीच्या कठड्यावर. मी घरी येऊन आजीला विचारले, ‘आजी, आपण ख्रिस्ती का गं झालो?’ आजीला लिहिता-वाचता येत नव्हते, पण रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजने तिला तोंडपाठ होती. ती म्हणाली, ‘पोरी, माझ्या आज्याला देवळाच्या पायरीशी उभं राहू देत नव्हते. इथं त्याला सतरंजीवर सगळ्यांच्या शेजारी बसवलं.’

नगर जिल्ह्यातल्या बहुतेक ख्रिस्ती कुटुंबांचा इतिहास या दोन वाक्यांत आहे. आमचे पूर्वज महार, मांग समाजांतले. पोटासाठी धर्म सोडला, असे आम्हाला सहज ऐकवले जाते. माणूस म्हणून शेजारी बसायला मिळावे ही भूक पोटाच्या भुकेपेक्षा लहान नसते, असे माझे ठाम मत आहे. तरीही आजीचे उत्तर मला अपुरे वाटत राहिले. ते तिच्या आज्याचे कारण होते. माझे कुठे होते?

कॉलेजसाठी नगरला आले तेव्हा वसतिगृहात माझ्या हाती लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र आले. तुमच्यापैकी अनेकांनी त्यातला एखादा उतारा पाठ्यपुस्तकात वाचला असेल. त्या खेळकर भाषेच्या आत केवढा मोठा प्रवास आहे, हे उताऱ्यावरून कळत नाही.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरच्या गोखले. त्यांच्या आईच्या वडिलांना १८५७ च्या बंडानंतर फाशी झाली आणि तेव्हापासून लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोवळ्याला काही धरबंद उरला नाही. घरात यायचे ते पाण्यातून निघूनच. पोरीबाळींचे सारे बालपण त्या ओल्या सोवळ्याच्या धाकात गेले. माझ्या मते त्यांच्या श्रद्धेची वाट तिथूनच सुरू होते. विटाळ कशाने होतो आणि तो ठरवतो कोण, हा प्रश्न त्या घरानेच त्या मुलीच्या पदरात टाकला होता.

लग्न झाले नारायण वामन टिळकांशी. ते रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे, कवी, देवाच्या शोधात सतत भटकणारे. १८९३ साली राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका अनोळखी गोऱ्या प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. त्यातल्या येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी टिळक खिळून राहिले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आणि लक्ष्मीबाई? त्यांच्यावर आभाळ कोसळले. लहान मुलाला घेऊन त्या माहेरच्या नात्यागोत्यांच्या आधाराने राहिल्या, पंढरपूरलाही राहिल्या. पुढे नवऱ्याजवळ परतल्या, पण आपली चूल आणि आपले पाणी वेगळे ठेवून. टिळकांना दुःख होत असणार, तरी त्यांनी बायकोवर धर्म लादला नाही. त्या काळी नवऱ्याच्या शब्दापुढे बायकोचे काय चालत होते? टिळकांच्या अनेक मोठेपणांपैकी मला हा सर्वांत मोठा वाटतो.

मग एके दिवशी लक्ष्मीबाईंनी स्वतःशीच विचार केला. ही जात देवाने केली की माणसाने? प्राण्यांत दिसते तशी काही खूण माणसामाणसांत आहे का? उत्तर मिळाले तेव्हा त्यांनी ठरवले, यापुढे मी कोणाच्याही हातचे खाईन-पिईन. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याच्या मागून पाच वर्षांनी, आणि स्वतःच्या पायांनी.

ते पान वाचून मी पुस्तक मिटले आणि खूप रडले. कारण त्या ‘कोणाच्याही’मध्ये माझी आजी होती, तिचा आजा होता. माझ्या राहुरीतच टिळक दांपत्य काही काळ राहिले होते. सोवळ्यात वाढलेली ती बाई ज्यांच्या हातचे पाणी प्यायला तयार झाली, ती माझी माणसे होती. आमची माणसे देवळात शेजारी बसायला निघाली होती, आणि पलीकडून ती आमच्या शेजारी बसायला निघाली होती. दोघांची गाठ पडली ती ख्रिस्ताजवळ.

त्या आठवड्यात मी मत्तयाच्या शुभवर्तमानातले पाच ते सात हे अध्याय, म्हणजे तेच प्रवचन, उघडले. टिळकांनी जिथून सुरुवात केली तिथूनच आपणही करावी, एवढाच हेतू होता. लहानपणी ती वचने मी बक्षिसासाठी पाठ केली होती. आता वैऱ्यावर प्रीती करण्याविषयी, छळणाऱ्यासाठी प्रार्थना करण्याविषयी वाचले आणि मोरीच्या कठड्यावरचा तो पेला डोळ्यांपुढे आला. त्या घरासाठी प्रार्थना करणे मला सोपे गेले नाही. अनेक रात्री ओठ हलले नाहीत. ज्या रात्री ती प्रार्थना खरोखर मनापासून झाली, त्या रात्री माझ्या आत काहीतरी सुटले, मोकळे झाले. माझ्या श्रद्धेचा जन्म मी त्या रात्रीचा मानते. त्यापूर्वी मी ख्रिस्ती घरातली मुलगी होते.

लक्ष्मीबाईंना शाळा ठाऊक नव्हती. लग्नानंतर नवऱ्याने अक्षरे शिकवली. १९१९ साली टिळक गेले तेव्हा ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे महाकाव्य अपुरे होते. ते या बाईंनी पूर्ण केले. श्रद्धा माणसाला कुठून कुठे नेते, याचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही.

मुलांनो, तुम्ही कोणत्याही घरातले असा, घरात जे मिळाले त्याला प्रश्न विचारा. आईवडिलांना विचारा, आजीआजोबांना तर आवर्जून विचारा, कारण त्यांची उत्तरे नंतर कुठल्याही पुस्तकात सापडत नाहीत. पालकांना माझी हात जोडून विनंती आहे की मूल असा प्रश्न घेऊन आले तर त्याला गप्प बसवू नका. आणि तुमच्या शेजारच्या बाकावरचा मित्र वेगळ्या उत्तरापाशी पोहोचला, किंवा अजून पोहोचलाच नाही, तर त्याला त्याची पाच वर्षे द्या.

तुमच्या ग्रंथालयात ‘स्मृतिचित्रे’ आहे, मी मघाशी कपाटात पाहून आले. या सुट्टीत ते उताऱ्यापुरते न वाचता पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचा.